एकट्याने परदेशात फिरताना: अनोळखी माणसाला ‘हो’ कधी म्हणावं?

उंबरठा
एकट्याने फिरणाऱ्याशी लोक जास्त बोलतात. दोघं-तिघं बरोबर असली की ती आपसातच बोलत राहतात आणि बाहेरच्याला मध्ये शिरायला जागा उरत नाही. एकटा माणूस बाकावर बसला की शेजारची जागा रिकामी असते. तिथे बसून कोणी ‘कुठून आलात?’ विचारतं, कोणी आपल्या नकाशात नसलेली वाट दाखवतं, तर कोणी थेट घरी बोलावतं.

प्रश्न साधा आहे. अशा वेळी हो कधी म्हणावं आणि नाही कधी? नुसतं ‘सावध राहा’ सांगून भागत नाही. सगळ्यांनाच नाही म्हणायचं असेल तर एकटं निघावं कशाला? म्हणून ठोस निकष हवे आहेत. ठरलेली वाट सोडून अर्धा दिवस भलतीकडे जायचं, तर मागे काय पक्कं करून ठेवायचं, तेही लिहा. स्वतःच्या प्रवासाचे किस्से या धाग्यावर नकोत, त्यासाठी इतर धागे आहेत. दुसऱ्याला जसंच्या तसं वापरता येईल असं लिहा.

होकायंत्र
पहिला निकष: बोलायला सुरुवात कोणी केली?

रस्त्यावरून जाणाऱ्यांपैकी एकाला निवडून तुम्ही वाट विचारलीत, तर तो लबाड निघण्याची शक्यता फार कमी असते. जगात कुठेही रस्त्यावरचे बहुतेक लोक आपापल्या कामाला निघालेले असतात आणि तुमची निवड त्यांच्यातूनच होते. प्रसिद्ध वास्तूच्या दाराशी कोणी तुम्हाला निवडून जवळ आला, की हे गणित उलटतं. परक्या लोकांना गाठण्यासाठीच उभे राहणारे अशाच जागा धरतात. म्हणून मदत हवी असेल तर नकाशा हातात घेऊन गोंधळल्यासारखं उभं राहू नये, आपण होऊन कोणाकडे तरी जावं. शक्यतो जो आपली जागा सोडून तुमच्यामागे येऊ शकत नाही अशाकडे जावं: तिकिटाची खिडकी, औषधाचं दुकान, वाचनालय.

दुसरा निकष: जायची जागा कोण ठरवतंय? तिसरा: मध्येच निघावंसं वाटलं तर तिथून स्वतःच्या पायांनी निघता येईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘समोरच्याने’ असलं तरी लगेच नाही म्हणायची गरज नाही. बाकीचे दोन मात्र आपल्या हातात हवेत.

चौकट
दुसऱ्या निकषाला पूर्ण अनुमोदन. ठरलेल्या फसवणुकी तिथेच उघड्या पडतात.

बीजिंगमधल्या वांगफुजिंग भागात आणि शांघायमधल्या नानजिंग रस्त्यावर चालणारा प्रकार जुना आहे. दोघं-तिघं हसतमुख तरुण-तरुणी ‘आमचा फोटो काढता का?’ म्हणून थांबवतात, इंग्रजीचा सराव करायचाय म्हणतात, पंधरा-वीस मिनिटं खरोखर छान गप्पा मारतात. मग ‘इथे जवळच पारंपरिक चहा असतो’ म्हणून घेऊन जातात. आतल्या खोलीत दर कुठेच दिसत नाहीत आणि शेवटी भलंमोठं बिल येतं. माणसं गोड आहेत की नाहीत, यावरून हे ओळखता येत नाही, कारण ती गोडच असतात. करून पाहायची गोष्ट एकच: ‘चहा नक्की घेऊ, पण समोरच्या त्या दुकानात.’ ज्याला गप्पाच मारायच्या आहेत त्याला कुठलंही दुकान चालतं. ज्याची टक्केवारी ठरलेली आहे, त्याला तुम्ही सुचवलेली जागा कधीच चालत नाही.

बँकॉकमध्ये राजवाड्याजवळ ‘आज बंद आहे’ सांगणारा माणूस भेटतो. लगेच तीनचाकी हजर असते आणि ती रत्नांच्या दुकानांत फिरवते. राजवाड्याची तिकिटं एरवी रोज सकाळी ८:३० ते दुपारी ३:३० मिळतात. राजघराण्याच्या समारंभासाठी तो कधीतरी बंद असतो, पण तेही तिकीटखिडकीपाशी जाऊनच कळून घ्यावं. पॅरिसमध्ये साक्रे-कर या चर्चच्या पायऱ्यांशी मनगटावर दोरा बांधतात. तिथे हात खिशात घालून चालावं. इस्तंबूलमध्ये बूटपॉलिशवाल्याचा ब्रश पडतो, तुम्ही तो उचलून देता आणि तो आभार म्हणून ‘फुकट’ पॉलिश करायला बसतो.

अडकलातच तर पासपोर्ट कोणाच्या हातात देऊ नका. बिलावर वस्तूवार आकडे लिहून मागा. फोन काढून स्थानिक पोलिसांचा नंबर (चीनमध्ये ११०) समोरच लावायला घेतला की बरेचदा रक्कम खाली येते. अंगावर येतील असं वाटलं तर वाद घालू नका, पैसे देऊन बाहेर पडा. दुकानाच्या पाटीचा फोटो बाहेर आल्यावर काढा.

अनवट
वाचनखूण साठवली.

सांजवारा
होकायंत्र यांच्या पहिल्या निकषाशी अर्धीच सहमत आहे. मोठ्या शहरातल्या पर्यटनाच्या चौकात तो बरोबर आहे. लहान गावात, डोंगरातल्या वस्तीत, लांबच्या बसमध्ये मात्र समोरचाच आधी बोलतो, कारण तिथे परका माणूस दिसणं हीच बातमी असते. तिथे हा निकष लावला तर चांगल्या भेटी हातच्या जातील. अशा ठिकाणी एवढंच बघावं की हे बोलणं इतरांच्या देखत चाललंय का. सगळ्या बसने ऐकलेलं आमंत्रण आणि आडोशाला नेऊन दिलेलं आमंत्रण यांत फार फरक असतो.

शिवाय आमंत्रण खरं की शिष्टाचाराचं, हाही एक पेच आहे. इराणमध्ये ‘तारोफ’ नावाचा रिवाज आहे. टॅक्सीवाला पैसे घेताना ‘राहू दे, काही विशेष नाही’ अशा अर्थाचं म्हणतो. ते ऐकून उतरून चालायला लागणं हा अपमान ठरतो. पैसे पुन्हा पुढे करायचे, तो घेतो. घरच्या आमंत्रणालाही तेच लागू. दोन-तीनदा आभार मानून नको म्हणायचं. नंतरही वेळ आणि पत्ता ठरवायची गोष्ट चालूच राहिली तर बोलावणं मनापासूनचं आहे.

कागदपेन
वाट विचारण्याबद्दल थोडं.

‘स्टेशन याच बाजूला ना?’ असं कधीच विचारू नये. समोरचा भिडेखातर किंवा भाषा न समजून ‘हो’ म्हणतो. ‘स्टेशन कुठे आहे?’ विचारावं आणि हात कुठे जातो ते पाहावं. शे-दोनशे पावलांवर दुसऱ्याला तेच विचारावं. दोघांचे हात एकाच दिशेला गेले तर वाट बरोबर.

खिशात तळहाताएवढी, जाड पुठ्ठ्याची वही ठेवा. पुठ्ठा जाड हवा, कारण समोरचा उभ्याउभ्या लिहिणार असतो. पहिल्या पानावर मुक्कामाचं नाव आणि पत्ता स्थानिक लिपीत, मुक्कामाच्या जागी पोचल्या पोचल्या तिथल्याच माणसाकडून लिहून घ्यायचा. रोमन लिपीतला पत्ता टॅक्सीवाल्याला वाचता येईलच असं नाही. उजवीकडचं पान कोरं सोडायचं आणि वाट विचारताना वही-पेन सरळ समोर धरायचं. बोलून समजत नाही ते माणूस रेघा मारून सांगतो: इथे पूल, इथे देऊळ, इथून डावीकडे. पूल आणि देऊळ या खुणा त्याने काढल्या की त्या शब्दांचे उच्चार तिथल्या तिथे विचारून लिहून ठेवा, पुढच्या वळणावर तेच शब्द लागतात. फोनची बॅटरी अशा वेळी वाचते हा वरचा फायदा.

फोनचं म्हणाल तर इंटरनेट नसलं तरी जीपीएस चालतं. गूगल मॅप्सचा उतरवून ठेवलेला नकाशा गाडीचा रस्ता सांगतो, पायी किंवा बसचा मार्ग मात्र नेट नसताना सांगत नाही. पायी फिरणाऱ्यांनी ऑरगॅनिक मॅप्ससारखं ॲप आधीच उतरवून ठेवावं. चीनमध्ये गूगलचा रस्त्यांचा नकाशा खऱ्या जागेपासून काहीशे मीटर सरकलेला दिसतो, त्यामुळे त्यावर विसंबू नये.

भाषांतराच्या ॲपमध्ये वाक्यं छोटी टाका, एका वाक्यात एकच गोष्ट. आलेलं उत्तर पुन्हा आपल्या भाषेत उलटवून पाहा. अर्थ तोच निघाला तरच समोर धरा.

रूळ
बहुतेक छोटी साहसं चुकीच्या गाडीत बसल्याने किंवा बरोबर गाडीच्या चुकीच्या डब्यात बसल्याने घडतात, म्हणून हे सविस्तर.

युरोपात बऱ्याच गाड्या वाटेत दुभंगतात. बर्लिनहून ऱ्हाइन-रूर भागाकडे जाणाऱ्या जर्मनीच्या अनेक आयसीई (वेगवान) गाड्या हाम या स्टेशनात तुटतात. एक अर्धी वुपरटालवरून कोलोनला जाते, दुसरी एसेन आणि ड्यूसेलडॉर्फकडे. दोन्ही अर्ध्या दिसायला सारख्या आणि आतून बऱ्याचदा एकीतून दुसरीत जाता येत नाही. फलाटावरच्या फलकावर डबे कोणत्या अक्षराखाली थांबणार ते दिलेलं असतं. चढण्याआधी डब्याच्या दाराजवळची पाटी वाचायची. तिथे त्या डब्याचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं. गाडीच्या तोंडावर लिहिलेलं वाचून चढू नये.

चुकलातच तर तपासनीस येण्याची वाट न पाहता त्याला शोधा आणि आपणच सांगा. आधी सांगणाऱ्याला चूक झालेला प्रवासी समजतात, पकडल्यावर सांगणाऱ्याला विनातिकीट. घाबरून पुढच्याच स्टेशनात उतरण्याची घाई टाळा. पुढचं स्टेशन एखादा ओसाड फलाट असू शकतं, जिथे परतीची गाडी दोन तासांनी थांबते. पुढचं जंक्शन गाठा, तिथून दोन्हीकडे गाड्या असतात आणि बसायला उजेडाची जागा असते.

इटलीत स्थानिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घेतल्याशिवाय चढायचं नाही. तिकीट खरं असूनही दंड होतो. यंत्र बंद असेल तर तिकिटावर पेनने तारीख-वेळ लिहा आणि लगेच तपासनिसाला गाठा.

लांबच्या गाडीत खरी ओळख होते. रशियात मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे रेल्वेचं अंतर ९,२८९ किलोमीटर आहे. चार बर्थच्या कूपेत दार लावलं की ओळख चौघांपुरती. ‘प्लात्सकार्त’ म्हणजे ५४ बर्थचा उघडा डबा, तिथे अख्खा डबा ओळखीचा होतो. डब्याच्या टोकाला गरम पाण्याची टाकी असते आणि बहुतेक संभाषणं तिथेच, कप हातात घेऊन सुरू होतात. बोगीतल्या वेळापत्रकात प्रत्येक थांबा किती मिनिटांचा ते लावलेलं असतं. दोन मिनिटांच्या थांब्यावर उतरू नका. वीस मिनिटांच्या थांब्यावरही पासपोर्ट, फोन आणि पैसे अंगावर घेऊनच उतरा, आणि अंगावर जाकीट असू द्या. गाडी सुटलीच तर हिवाळ्यात पहिली गरज जाकिटाची असते.

मध्यरात्र
अवांतर: रूळ यांनी वेळापत्रकाचा विषय काढला म्हणून. रशियात रेल्वेची तिकिटं पूर्वी सगळीकडे मॉस्कोच्या वेळेने असत. १ ऑगस्ट २०१८ पासून ती स्थानिक वेळेने मिळतात. जुन्या प्रवासपुस्तिकांत अजून पहिलाच नियम छापलेला आहे.

युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात. वेळेआधी पोचू नये म्हणून जर्मनीत रात्रीच्या गाड्या कुठल्यातरी स्टेशनात तासभर थांबवतात. बिघाड झाला समजून उतरू नका. मार्चच्या शेवटच्या रविवारी उलटं होतं, तास गायब होतो आणि पुढची जोडगाडी चुकू शकते.

आणखी एक. पोर्तुगालमधलं व्हालेन्सा आणि स्पेनमधलं तुई यांच्यामध्ये मिन्यो नदी आहे. तिच्यावरचा १८८६ चा लोखंडी पूल पायी ओलांडून स्पेनमध्ये गेलं की घड्याळ एक तास पुढे जातं. नदीकाठी मुक्काम असेल तर फोन कधी या काठाचा टॉवर पकडतो, कधी त्या काठाचा, आणि पहाटेचा गजर तासभर इकडेतिकडे होतो. अशा जागी फोनमधली आपोआप वेळ बंद करून हाताने लावावी.

चांदणवेल
बायकांच्या बाजूने काही गोष्टी, कारण वरचे निकष आमच्यासाठी अपुरे पडतात.

नाही म्हणताना कारण देऊ नका. ‘उद्या लवकर उठायचंय’ म्हटलं की ‘मग लवकर सोडतो’ येतं. कारण दिलं की त्यावर घासाघीस सुरू होते. ‘नाही, आभारी आहे’ एवढंच, आणि चालू लागायचं. मुक्काम कुठे आहे हे विचारलं तर इमारत सांगायची नाही, मोठ्या भागाचं नाव सांगायचं.

दाराखाली लावायची रबरी पाचर जवळ ठेवा. ती आत उघडणाऱ्या दारालाच उपयोगी आहे. बाहेर उघडणाऱ्या किंवा सरकत्या दाराला काही कामाची नाही, म्हणून खोली घेताना दार कुठे उघडतं ते आधी पाहा. पाचर बिजागरीकडे न लावता कडीच्या बाजूला, टोक दाराखाली जाईल तेवढी आत ढकला. गुळगुळीत फरशीवर ती सरकते, तेव्हा झोपण्यापूर्वी आतून दार ओढून एकदा खात्री करा. आग लागली तर अंधारात पायाने काढता आली पाहिजे, म्हणून तिच्यासमोर बॅग ठेवू नका.

पेय आपल्या डोळ्यांसमोर उघडलेलं किंवा सगळ्यांना एकाच भांड्यातून ओतलेलं असेल तरच घ्यावं. पेला सोडून उठावं लागलं तर परत आल्यावर तो तसाच राहू द्यावा.

लंगर
मागे काय पक्कं करायचं, या उंबरठा यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

घरच्यांना फोनवरून थेट ठिकाण दाखवत राहणं पुरेसं आहे असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. व्हॉट्सॲपवर ते जास्तीत जास्त ८ तास चालतं आणि बॅटरी संपली किंवा रेंज गेली की ठिपका जिथल्या तिथे गोठतो. घरचे रात्रभर त्या ठिपक्याकडे बघत बसतात आणि काय करायचं हे कोणालाच माहीत नसतं.

त्यापेक्षा ठरलेली वेळ आणि ठरलेली कृती. उदाहरणार्थ: रोज तिथल्या रात्री ९ पर्यंत एक निरोप. नाही आला तर तिथल्या सकाळी ९ पर्यंत काहीच करायचं नाही, रेंज नसेल. त्यानंतर मुक्कामाच्या जागी फोन. तिथे पोचलोच नसेन तर त्या देशातल्या आपल्या दूतावासात आणि तिथल्या पोलिसांत. हे सगळे नंबर एका कागदावर घरी. ‘तिथल्या’ हा शब्द अधोरेखित करा, नाहीतर घरचे आपल्या घड्याळाने मोजतात.

डोंगरात एकटे जात असाल तर मार्ग आणि परतायची वेळ मुक्कामावरच्या माणसाला सांगा आणि परतल्यावर आठवणीने कळवा. आइसलँडमध्ये त्यासाठी ‘सेफट्रॅव्हल’ या संकेतस्थळावर प्रवासाचा बेत नोंदवून ठेवता येतो. युरोपीय संघात सगळीकडे आणीबाणीचा नंबर ११२, जपानमध्ये पोलीस ११० आणि रुग्णवाहिका ११९. रक्तगट, ॲलर्जी आणि संपर्काचा नंबर फोनच्या कुलूपबंद पडद्यावरून उघडता येईल असा भरून ठेवा.

चौकट
लंगर, प्रतिसाद फार उपयोगाचा आहे. एक भर: फोनच हरवला तर? बँकेचा ओटीपी त्याच फोनवर येतो, म्हणजे पैसेही अडकले. दुसरं कार्ड वेगळ्या बॅगेत, ईमेलचे राखीव कोड कागदावर आणि घरचा एक नंबर तोंडपाठ हवा. एटीएमने ‘तुमच्या चलनात रक्कम कापू का?’ विचारलं तर नाही म्हणा, त्या रूपांतराचा दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांतली नोंद, मग दूतावास. तातडीचं प्रवासपत्र मिळतं ते साधारणपणे थेट घरी परतण्यापुरतंच असतं, पुढच्या देशाचा बेत तिथेच संपतो. जपानमध्ये वस्तू हरवली तर जवळच्या ‘कोबान’ या छोट्या पोलीस चौकीत जा. सापडलेली वस्तू पोलीस साधारण तीन महिने मालकासाठी ठेवतात.

पिवळा बाण
नाही कधी म्हणायचं यावर बरंच आलं. हो म्हणण्यासारखी माणसं भेटतात कुठे, तेही लिहायला हवं. जिथे तीच माणसं पुन्हा भेटतात तिथे ओळख आपोआप तपासली जाते.

स्पेनमधला कामिनो, म्हणजे सान्तियागो या गावाला जाणारी पायी यात्रेची वाट, याचं उत्तम उदाहरण. सगळे एकाच दिशेने, साधारण एकाच वेगाने चालतात, त्यामुळे सकाळी पुढे गेलेला संध्याकाळी त्याच धर्मशाळेत दिसतो. चौथ्या दिवशी तुम्हाला त्याचा स्वभाव माहीत असतो. वाटेवरचे पिवळे बाण एलियास व्हालिन्या या धर्मगुरूंनी १९८० च्या दशकात रंगवायला सुरुवात केली. सान्तियागोला प्रमाणपत्र हवं तर किमान शेवटचे १०० किलोमीटर पायी चालावे लागतात, वाटेतल्या शिक्क्यांसह. मात्र तेवढ्यासाठीच आलेल्यांची त्या टप्प्यात गर्दी होते. संवाद हवा असेल तर आठवडाभर आधीच्या गावातून सुरुवात करा.

शहरात असाल तर पार्करन. लंडनच्या बुशी पार्कात २००४ साली सुरू झालेली ही दर शनिवारची ५ किलोमीटरची विनामूल्य धाव आता अनेक देशांत आहे. चाललं तरी चालतं. एकदा नोंदणी करून मिळालेला बारकोड सगळीकडे चालतो, तो विसरलात तर वेळ नोंदली जात नाही. संपल्यावर मंडळी बहुधा कॉफीला जातात, तिथे परक्यालाही सहज बोलावतात. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून ‘ग्रीटर’ म्हणजे आपलं शहर दाखवायला येणारे स्वयंसेवक आहेत, इतर शहरांतही आता ती सोय आहे. ते पैसे घेत नाहीत. दिवस आधी नोंदवावा लागतो.

वेस
एका गोष्टीला मात्र कायम नाही. ओळख कितीही छान झालेली असो, दुसऱ्याचं पार्सल, बॅग, औषधाची बाटली सीमेपार न्यायची नाही, आणि ‘जरा धरा, आलोच’ म्हणून हातात दिलेलं सामानही धरायचं नाही. सीमेवर सामान ज्याच्या हातात, त्याचंच धरतात. सिंगापूरमध्ये अमली पदार्थांच्या तस्करीला फाशीची शिक्षा आहे.

उंबरठा
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नातला एक तुकडा राहिला. बोलावणं घरचंच असेल, म्हणजे जागा समोरच्याने ठरवलेली असेल, तर होकायंत्र यांचा दुसरा निकष कसा लावायचा?

होकायंत्र
चांगला प्रश्न. जागा त्यांची, मग वेळ तरी आपली ठेवायची. लगेच ‘चला’ म्हटलं तर ‘उद्या दुपारी येतो’ सांगा. खरं बोलावणं उद्यापर्यंत टिकतं आणि मधल्या वेळात पत्ता लंगर यांच्या पद्धतीने कळवता येतो. रात्रीपेक्षा दुपार बरी, परतीची बस मिळते. जायचं आपल्या वाहनाने, त्यांच्या गाडीतून नाही. आत गेल्यावर कुटुंबातलं आणखी कोणी भेटलं नाही तर पाच मिनिटांत निघावं. आणि निघायची वेळ बसताक्षणीच सांगून टाकावी, म्हणजे नंतर उठताना संकोच होत नाही.

सांजवारा
सहमत. माझा आक्षेप होता तो या उत्तराने मिटला.

घरी गेलात तर पैसे पुढे करू नका. फोटो काढायचे ते विचारून, आणि पाठवायचं कबूल केलंत तर छापून टपालाने पाठवा. त्यासाठी कागदपेन यांची वही कामी येते. पत्ता त्यांच्याच हाताने, त्यांच्याच लिपीत लिहून घ्या आणि तो कागद जसाच्या तसा पाकिटावर चिकटवा. देशाचं नाव तेवढं आपण, खाली, मोठ्या रोमन अक्षरांत लिहायचं. पाठवणारं टपालखातं फक्त देश वाचतं, बाकीचा पत्ता तिकडचा पोस्टमन वाचतो.